न पेरलेल्या जमिनीचा खंड: अमेरिकेतली सीआरपी आणि आपल्याकडची रानं

वैदेही_आयोवा (धागाकर्ती)

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आमच्या डी मॉइन शहरात आणि आजूबाजूच्या गावांत घरापुढच्या हिरवळीला पाणी घालायला बंदी होती. दुष्काळ नव्हता. उलट रॅकून आणि डी मॉइन या दोन्ही नद्यांना भरपूर पाणी होतं, पण त्यात नायट्रेट इतकं वाढलं होतं की शुद्धीकरण केंद्रांना पुरेसं पाणी पिण्याजोगं करणं जमेना. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. हे नायट्रेट प्रामुख्याने वरच्या अंगाच्या मका-सोयाबीनच्या रानांतून येतं. या रानांत जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घातलेल्या आहेत, त्यांतून ते थेट ओढ्याला लागतं. २०१५ मध्ये इथल्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या तीन काउंट्यांतल्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) निचरा मंडळांवर खटला भरला. तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. त्यातून शहर आणि शेतकरी यांच्यात जी कटुता आली ती अजून गेलेली नाही.

म्हणून मला खटल्यांपेक्षा दुसऱ्या एका वाटेत जास्त रस आहे. तिच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम. इथे सगळे सीआरपीच म्हणतात. शेतकरी आपल्या जमिनीतला नाजूक तुकडा, म्हणजे उताराचा, धुपणारा, ओढ्यालगतचा किंवा पाणी साचणारा, १० ते १५ वर्षं पेरणार नाही असा करार केंद्र सरकारशी करतो. तिथे गवत, रानफुलं किंवा झाडं लावतो. लावणीच्या खर्चाचा साधारण निम्मा वाटा सरकार उचलतं आणि करार संपेपर्यंत दर वर्षी एकरी खंड देतं. जमीन शेतकऱ्याचीच राहते. आज अडीच कोटी एकरांच्या आसपास जमीन अशा करारांखाली आहे आणि त्यावर वर्षाला पावणेदोन ते दोन अब्ज डॉलर खर्च होतात.

याची मुळं १९३० च्या दशकातल्या धुळीत आहेत. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोराडोची गवताळ मैदानं नांगरून गहू पेरला गेला, मग सलग दुष्काळ पडला आणि माती उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाचा दिवस 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. ह्यू हॅमंड बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ कित्येक वर्षं धुपीबद्दल ओरडून सांगत होता. त्याच महिन्यात, २७ एप्रिलला, मृदसंधारण कायदा झाला आणि नव्या मृदसंधारण खात्याचा प्रमुख बेनेटच झाला. १९३६ मध्ये माती झिजवणारी पिकं सोडून गवत आणि द्विदल लावणाऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात झाली. १९५६ मध्ये आयसेनहॉवरच्या काळात 'सॉइल बँक' आली, तीही जमीन पड ठेवण्याचे पैसे देई.

आणि मग हे सगळं विसरलं गेलं. १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाने प्रचंड धान्य विकत घेतलं, भाव कडाडले. कृषिमंत्री अर्ल बट्झ यांचा धोशा होता की कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा. तीसच्या दशकात लावलेल्या वाराअडव झाडांच्या रांगासुद्धा लोकांनी उपटल्या. ऐंशीच्या दशकात निर्यात घसरली, व्याजदर चढले, कर्जात बुडालेल्या हजारो कुटुंबांच्या जमिनी गेल्या. त्या पडझडीत, डिसेंबर १९८५ मध्ये, रेगन यांनी सही केलेल्या शेती कायद्यात सीआरपी जन्माला आली. जास्तीचं धान्य कमी करणं आणि माती वाचवणं असे दोन्ही हेतू तिच्यात होते. त्याच कायद्यात एक धाकही होता: धुपणारी जमीन आराखड्याशिवाय नव्याने नांगरली किंवा पाणथळ जागा कोरडी करून पेरली, तर बाकीची सरकारी मदत बंद. म्हणजे एका हाताने खंड आणि दुसऱ्या हाताने अट. मला ही जोडी फार शहाणपणाची वाटते.

फायदा झाला का? झाला. अमेरिकेच्या पीकजमिनीतून १९८२ मध्ये वर्षाला सुमारे ३ अब्ज टन माती धुपत होती, २००७ पर्यंत ती १.७ अब्ज टनांच्या घरात आली. यात बिननांगरटीच्या शेतीचाही वाटा मोठा आहे, सगळं श्रेय सीआरपीला देता येणार नाही. उत्तर आणि दक्षिण डाकोटा राज्यांमधल्या तळ्यांच्या पट्ट्यात सीआरपीच्या गवतामुळे वर्षाला सरासरी २० लाख बदकं जास्त निपजली, असा वन्यजीव खात्याच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पण माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट पुढची आहे. २००७ मध्ये सीआरपीत ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती, आजवरची सगळ्यात जास्त. मग मक्यापासून इथेनॉल काढण्याची लाट आली, मका-सोयाबीनचे भाव चढले आणि करार संपतील तशी जमीन परत नांगराखाली गेली. संसदेनेही कमाल मर्यादा उतरवली: २००८ च्या कायद्यात ३ कोटी २० लाख, २०१४ च्या कायद्यात २ कोटी ४० लाख. २०१८ मध्ये ती २ कोटी ७० लाखांवर नेली. म्हणजे वीस वर्षं खंड भरून राखलेलं गवत एका चढ्या हंगामात जातं. दहा-पंधरा वर्षांत जमिनीत साठलेला कर्बही त्याबरोबर जातो.

तरीही मी या योजनेच्या बाजूची आहे. ओढा स्वच्छ राहावा म्हणून शेतकऱ्याने पीक सोडायचं असेल, तर त्याचा मोबदला खाली पाणी पिणाऱ्या सगळ्यांनी मिळून द्यायला हवा. तुम्हाला काय वाटतं? आणि महाराष्ट्रात असं काही आहे का, होऊ शकेल का? शेतीतल्या माणसांकडून ऐकायचं आहे.

---

माणदेशी

ताई, माहिती चांगली दिलीत. पण आमच्याकडे हे बसायचं कसं? आयोवात एका शेतकऱ्याची जमीन किती असते?

आमच्या राज्यात सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे, २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे. माझी साडेतीन एकर, ती पण तीन ठिकाणी. त्यातला ओढ्याकडचा तुकडा खरोखरच दर पावसाळ्यात तुटतो. तो पड टाकायचा म्हटला तर घरची ज्वारी आणि जनावरांची वैरण, दोन्ही गेली. सरकारचा खंड कधी येईल, येईल का, कोणाच्या खात्यात येईल. सातबारावर चुलत्यांची नावं अजून आहेत.

विरोध करायचा म्हणून लिहीत नाही. माती जाताना मी डोळ्यांनी बघतो. पण आमच्या पोटाचा हिशेब आधी मांडावा लागतो.

---

तुषार_इलिनॉय

@माणदेशी, आयोवात सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या आसपास. तुमचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. इथला माणूस पंधरा एकर बाजूला टाकतो तेव्हा त्याच्या ताटातलं काही कमी होत नाही.

मी इलिनॉयमध्ये मातीपरीक्षणाच्या कामात आहे, सीआरपीच्या शेतांवर नेहमी जाणं होतं. वैदेहींनी लिहिलं त्यात आतली यंत्रणा थोडी जोडतो, कारण योजना चांगली की वाईट हे तिथेच ठरतं.

जमीन घेण्याच्या दोन वाटा आहेत. एक सर्वसाधारण नोंदणी. ही ठरावीक काळातच उघडते आणि त्यात स्पर्धा असते. प्रत्येक अर्जाला गुण देतात: वन्यजीवांना किती उपयोग, पाण्याच्या गुणवत्तेला किती, धूप किती थांबेल, करार संपल्यावरही फायदा टिकेल का (झाडं लावली तर जास्त गुण), हवेतली धूळ, आणि शेवटी खर्च. शेतकरी कमाल दरापेक्षा कमी खंड मागून आपले गुण वाढवू शकतो. देशभरचे अर्ज एका रांगेत लावून वरचे घेतात. ही गुणपद्धत १९९० च्या सुमारास आली. त्याआधी खंडाच्या एका मर्यादेत बसणारी जमीन सरसकट घेतली जायची. त्यामुळे कोरड्या मैदानी राज्यांतली स्वस्त जमीन भरमसाठ आली आणि जिथे पाणी वाचवायला हवं होतं तिथली कमी.

दुसरी वाट १९९६ पासूनची, कायम खुली नोंदणी. तिच्यात स्पर्धा नाही, पण जमीन नेमकी हवी: ओढ्याकाठची पट्टी, शेतातून पाणी वाहून जाण्याची गवताळ वाट, पाणथळ जागा. तुकडे लहान आणि एकरी खर्च जास्त, पण परिणाम कितीतरी पटींनी. माझं स्पष्ट मत आहे की पैसा याच वाटेने जायला हवा.

थोडे नियम, कारण लोक विचारतात:

जमीन आधीच्या ठरलेल्या सहा वर्षांपैकी किमान चार वर्षं पिकाखाली असावी लागते. एका व्यक्तीला वर्षाला ५०,००० डॉलरपेक्षा जास्त खंड नाही. एका काउंटीतली पाव हिश्श्याहून जास्त पीकजमीन सहसा घेत नाहीत, कारण सगळीच जमीन पड गेली तर बियाणं-खताची दुकानं, धान्याची कोठारं, ट्रॅक्टर दुरुस्तीवाले यांचं गाव बसतं. करार मध्येच मोडला तर आजवर घेतलेला सगळा खंड व्याजासकट परत, वर एका वर्षाच्या खंडाच्या २५ टक्के भरपाई. तीव्र दुष्काळात मात्र गवत कापायला किंवा चारायला परवानगी मिळते. २०१२ च्या मोठ्या दुष्काळात ती मोठ्या प्रमाणावर दिली होती. एरवी पक्ष्यांच्या विणीच्या काळात जमिनीला हात लावायचा नाही.

नायट्रेटबद्दल एक दुरुस्तीवजा भर: ओढ्याकाठची गवताची पट्टी वरून वाहणारी माती आणि फॉस्फरस अडवते. नळ्यांतून येणारं नायट्रेट तिच्या खालून निघून जातं. त्यासाठी आयोवात केंद्र आणि राज्य मिळून निचऱ्याच्या नळ्यांच्या तोंडाशी पाणथळ तळी बांधतात. नीट जागी बांधलेलं तळं त्यात येणाऱ्या नायट्रेटपैकी ४० ते ७० टक्के काढतं.

---

वैदेही_आयोवा

धन्यवाद तुषार, विशेषतः शेवटच्या मुद्द्यासाठी. शहरातल्या चर्चेत हा फरक कोणी सांगत नाही.

@माणदेशी, तुमच्या साडेतीन एकरांसाठी अख्खा तुकडा पड टाकणं हा उपाय नाहीच. पण इथल्या आयोवा राज्य विद्यापीठाचं एक काम तुम्हाला ऐकवावंसं वाटतं. नील स्मिथ अभयारण्यातल्या उताराच्या शेतांत त्यांनी २००७ पासून मका-सोयाबीनच्या मधे आणि पायथ्याला प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या मूळ गवताळ मैदानांच्या, गवता-फुलांच्या आडव्या पट्ट्या लावल्या. शेताच्या फक्त १० टक्के जागेत. धूप ९५ टक्क्यांपर्यंत कमी झाली. मधमाश्या आणि पक्षी वाढले ते वेगळंच. उरलेल्या ९० टक्के जागेतलं एकरी उत्पादन घटलं नाही. प्रेअरीच्या गवताची मुळं खोल असतात आणि खोड ताठ. वरून पाण्याचा लोंढा आला तरी ते आडवं पडत नाही, पाणी थबकतं आणि माती खाली बसते. २०१८ च्या कायद्याने या पट्ट्यांना सीआरपीत जागा दिली, म्हणजे तेवढ्या पट्टीचाही खंड मिळतो.

दक्षिण आयोवात टेकड्याटेकड्यांचा भाग आहे. तिथे माझ्या ओळखीचे एक वयस्कर शेतकरी आहेत. आधी ते अख्खं शेत सीआरपीत घालत. आता त्यांनी पायथ्याच्या आणि ओहोळाकाठच्या पट्ट्या ठेवल्यात आणि वरचं सपाट रान पुतण्याला कसायला दिलंय. ते म्हणाले, पट्टी राहील, कारण भाव कितीही चढला तरी तेवढीशी जागा नांगरायला कोणी यंत्र वळवत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटलं.

---

बांधबंदिस्ती

मी कृषी खात्यात पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी मृदसंधारणात गेली, त्यामुळे हा धागा दोनदा वाचला.

आपल्याकडे काही नव्हतं असं नाही. १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा होता, त्याखाली गटागटाने बांधबंदिस्ती झाली. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर लाखो हेक्टरांवर समपातळी बांध पडले. १९८३ पासून सर्वंकष पाणलोट कार्यक्रम आला, माथा ते पायथा असं काम सुरू झालं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग. त्या फळबागेने कोरडवाहू पट्ट्याचं रूप पालटलं, हे मान्यच करायला हवं. हलक्या, मुरमाड, उताराच्या जमिनीत बोर, सीताफळ, डाळिंब, आंबा उभा राहिला. तिथे एरवी दर वर्षी कुळव फिरून माती सुटली असती.

पण मी एक गोष्ट नोकरीभर पाहिली. समपातळी बांध उताराच्या रेषेने जातो, शेताच्या हद्दीने जात नाही. एकाच्या वावरात तो मधूनच तिरका शिरतो. त्याचे दोन तुकडे होतात, औत वळवायला त्रास होतो, बांधाखालची जागा वाया जाते. तीन-चार वर्षांत शेतकरी त्याला दोन्ही अंगांनी थोडं थोडं कोरतो आणि एक दिवस बांध दिसेनासा होतो. मग पुढच्या योजनेत त्याच जागी पुन्हा बांध. आम्ही एकाच शिवारात दोन वेगवेगळ्या योजनांचे बांध टाकलेले आहेत.

शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. त्याला बांध घालण्याची मजुरी मिळाली, बांध राखण्याचं काहीच मिळालं नाही. आपल्या सगळ्या योजना कामाच्या आहेत, राखणीच्या नाहीत. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, देयक, संपलं. आताची भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना त्यातल्या त्यात बरी, कारण तिचं अनुदान ५०, ३० आणि २० टक्के असं तीन वर्षांत, झाडं जगलेली दिसली तर मिळतं. पण तीन वर्षांनंतर पुढे काही नाही.

अमेरिकेच्या योजनेतून आपण उचलायचं असेल तर मला फक्त हे उचलावंसं वाटतं: दर वर्षी, तपासणी करून, राखल्याचे पैसे. रक्कम लहान असली तरी चालेल. पण ती दर वर्षी यायला हवी आणि किमान दहा वर्षांचा लेखी शब्द हवा.

---

माणदेशी

काका, अगदी हेच. आमच्या ओढ्याकडच्या बांधाची हीच गत. दोन वर्षांत फुटला, कोणी परत आलं नाही.

---

माळरान_सोलापूर

बांधबंदिस्ती काकांनी लिहिलं ते वाचून आमच्या भागातली उलटी गोष्ट सांगाविशी वाटली.

१९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र होतं जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं, बाजारपेठा, हजारो शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी. प्रत्यक्षात वनखात्याच्या ताब्यातली माळरानं त्यात तुकड्यातुकड्यांनी होती, नान्नजसारखी. बाकीच्यांच्या वाट्याला निर्बंध आले. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली, रस्ते अडले. मोबदला म्हणून हातात काही नाही. माळढोक हा शब्द काढला की गावात लोक चिडायचे. पुढे न्यायालयापर्यंत जाऊन क्षेत्र कमी करत करत ते बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. तोवर पक्षी मोजायला बोटंही पुरून उरतील अशी अवस्था झाली होती.

माळढोक नुसता माळावर राहत नाही. तो रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याच्या रानात येतो, किडे खातो, पड रानात अंडं घालतो. एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे त्याला जगवायला शेतकऱ्याची साथ हवीच होती. त्या काळात जर दर वर्षी सांगितलं असतं की हे दोन एकर पड ठेव, विणीच्या महिन्यांत तिकडे जनावरं सोडू नको, आणि हा घे त्याचा खंड, तर लोकांनी पक्ष्याची राखण केली असती. माझा यावर पक्का विश्वास आहे. लहानपणी ज्या गावकऱ्यांनी मला माळढोक दाखवला, तेच पुढे त्याचं नाव काढेनासे झाले.

निर्बंध घालायचे आणि किंमत एकट्या शेतकऱ्याने मोजायची, हे बंद व्हायला हवं.

---

खारेपाट

अलिबाग-पेणकडून लिहितेय. तुमच्या माळावर जे झालं ते आमच्या खाजणात आजही चालू आहे.

आमची भातशेती समुद्रसपाटीच्या बरोबरीने किंवा खाली. बाहेरकाठ्याचा बांध आणि खाडीचं पाणी आत-बाहेर करणारी उघाडी, यांवर सगळं अवलंबून. पूर्वी गाव श्रमदानाने बांध राखायचं. मग काम खारभूमी खात्याकडे गेलं. गावाची सवय सुटली आणि खात्याचा निधी पुरेना. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात येतं. ती वेळेत बांधली नाही तर दोन-तीन वर्षांत तिथे कांदळवन उगवतं.

आणि कांदळवन उगवलं की ते कापता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ चे आणि २०१८ चे आदेश आहेत, ते योग्यच आहेत. कांदळवन किनारा वाचवतं, मासळीची पिल्लं तिथेच वाढतात, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण सातबारा शेतकऱ्याचा, भात गेलं, जमीन विकता येत नाही आणि जंगल मात्र सगळ्यांच्या उपयोगाचं. त्या शेतकऱ्याला वर्षाचा खंड द्यायला काय हरकत आहे? २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आहे, तिच्यातून खेकडापालन, कालवं, जिताडा यांसाठी गटांना मदत मिळते. चांगली आहे. पण ती उद्योग उभा करण्याची मदत आहे. जमीन सोडल्याचा मोबदला तिच्यात नाही.

वैदेहीताईंच्या सीआरपीत पाणथळ जागा घेतात म्हणून विचारते: तिकडे जमीन कायमची पाण्याखाली सोडली तर काय?

---

तुषार_इलिनॉय

@खारेपाट, त्यासाठी इथे वेगळी योजना आहे, १९९० च्या कायद्यातली. पाणथळ जमीन पुन्हा पाणथळ करायची आणि ३० वर्षांचा किंवा कायमचा हक्क सरकारला द्यायचा. कायमचा दिला तर शेतकऱ्याला जमिनीच्या पीकमूल्याच्या जवळपास रक्कम एकदम मिळते. मालकी त्याचीच, शिकार-मासेमारी, फिरणं त्याचंच, फक्त पेरायचं आणि बांधायचं नाही. मिसिसिपीच्या पूरमैदानात वारंवार बुडणाऱ्या शेतांत हे खूप झालं. तुमच्या कांदळवनाला हेच जास्त जवळचं वाटतं. १० वर्षांचा करार तिथे निरुपयोगी.

---

हिशेबी

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

एक. एका ठिकाणी जमीन पड टाकली की धान्याचा भाव किंचित चढतो आणि दुसरीकडे कोणीतरी नवी जमीन नांगरतो. एका अर्थतज्ज्ञाने २००० मध्ये मांडलेला अंदाज असा की सीआरपीत १०० एकर गेले की सुमारे २० एकर नवे पिकाखाली येतात. हे वजा करायला हवं.

दोन. सहापैकी चार वर्षं पेरलेली जमीनच घेतात. म्हणजे ज्याने शहाणपणाने उताराचं रान कधीच नांगरलं नाही त्याला काही नाही, आणि ज्याने नांगरून माती घालवली त्याला खंड. हे मला अन्यायाचं वाटतं.

तीन. आयोवातली निम्म्याहून जास्त शेतजमीन खंडाने कसली जाते. मालक शहरात. सरकार खंड देऊ लागलं की कसणाऱ्या तरुणाची जमीन जाते. मालकाला घरबसल्या पैसे.

चार. चीनने १९९९ पासून याहून मोठं केलं. १९९८ च्या यांगत्सेच्या पुरानंतर २५ अंशांहून तीव्र उतारावरची शेती सोडून झाडं लावणाऱ्यांना धान्य आणि पैसे दिले: यांगत्सेच्या वरच्या खोऱ्यात हेक्टरी वर्षाला २,२५० किलो धान्य, पीत नदीच्या खोऱ्यात १,५०० किलो, वर ३०० युआन. तीन कोटींहून जास्त कुटुंबं त्यात होती आणि त्यांची शेती आपल्यासारखीच लहान. तेव्हा लहान धारणा हे कारण पुरेसं नाही. पण तिथे ठरवणारं सरकार, शेतकऱ्याला नाही म्हणायला किती वाव होता हा प्रश्नच आहे.

---

वैदेही_आयोवा

@हिशेबी, राग कसला, असेच प्रतिसाद हवे होते.

दुसरा मुद्दा मलाही पटतो, आणि त्यावर अर्धं उत्तर आलेलं आहे. २०१४ च्या कायद्यापासून गवताळ राखीव हा नवा प्रकार सीआरपीत आला. त्यात कधीच न नांगरलेलं कुरणही घेतात, तिथे चराईला परवानगी असते, फक्त नांगरायचं नाही. खंड कमी, पण राखणाऱ्याला काहीतरी मिळतं. आता सीआरपीतल्या जमिनीचा मोठा हिस्सा याच प्रकारात आहे.

तिसऱ्यावर २००८ पासून एक तरतूद आहे: करार संपताना म्हाताऱ्या मालकाने जमीन नव्या शेतकऱ्याला विकली किंवा लांब मुदतीने कसायला दिली, तर मालकाला आणखी दोन वर्षांचा खंड. ती पुरेशी नाही. तरुण कसणाऱ्यांची तक्रार खरी आहे आणि अख्खी शेतं पड टाकण्याच्या मी विरोधात जाण्याचं तेही एक कारण आहे. पट्ट्यांनी कोणाची शेती जात नाही.

पहिल्या मुद्द्याचं वजनही पट्ट्यांनी कमी होतं. दहा टक्के जागेतून पंच्याण्णव टक्के धूप थांबत असेल तर भावावर परिणाम होण्याइतकी जमीन बाहेर काढावीच लागत नाही.

मुदतीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०१८ च्या कायद्याने ३० वर्षांच्या करारांचा प्रयोग सुरू केला, पाणी वाचवणाऱ्या जमिनींसाठी. पण २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे धान्य महागलं तेव्हा सरकारनेच शेवटच्या वर्षातल्या करारधारकांना दंडाशिवाय लवकर बाहेर पडायची मुभा दिली. जगात धान्य कमी पडत असताना तो निर्णय चूक होता असं मी म्हणू शकत नाही. पण दर वेळी पहिला बळी गवताचाच जातो, याचं दुःख होतं.

---

बांधबंदिस्ती

चीनच्या माहितीबद्दल हिशेबी यांचे आभार. धान्य देण्याची कल्पना मला पैशापेक्षा बरी वाटते. माणदेशींची पहिली शंका घरच्या ज्वारीची होती, ती तिथे मिटते.

सातबारावर अनेक नावं हा अडथळा मात्र खरा आहे. त्यावर मार्ग असा की वैयक्तिक करार न करता ओढ्याच्या एका काठाचे सगळे खातेदार मिळून ग्रामपंचायतीमार्फत एक करार करायचा. पाणलोट समित्यांचा अनुभव आपल्याकडे आहे. तपासणीही सोपी: काठ हिरवा आहे की नाही हे अख्ख्या गावाला दिसतं.

---

माणदेशी

काका, योजना येईल तेव्हा येईल. माझ्या तुकड्यात ओढ्याच्या कडेने पाच-सहा फुटांची पट्टी मी यंदा सोडतो. आणि बांधावर काही लावायचं आहे. पण वैरण मिळाली पाहिजे आणि ओढ्याच्या पाण्यात टिकलं पाहिजे. काय लावू? जमीन मध्यम, खाली मुरूम. शेळ्यांचा त्रास आहे.

---

बांधबंदिस्ती

उत्तम. पट्टी पाच-सहा फूट कमी पडेल, जमलं तर दहा करा.

अगदी काठाला, जिथे पाणी आदळतं तिथे वाळ्याचे ठोंब लावा, एक वीत अंतराने, पाण्याच्या वाटेला आडवे. जून वाळा शेळ्या सहसा खात नाहीत आणि त्याची मुळं खोल जातात. त्याच्या आतल्या अंगाला मारवेल. हे आपल्याच दख्खनचं गवत, जनावरं आवडीने खातात, फुलोऱ्यावर कापलं तर वैरण चांगली होते. मुरूम उघडा पडलेला असेल तिथे डोंगरी आणि पवना. अंजनही चालेल, पण पाणी साचतं तिथे नको. मधे स्टायलोचं बी फेका, द्विदल आहे, जमिनीलाही बरं.

वाळा आणि मारवेलचे ठोंब पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावरच लावायचे, आधी लावले तर वाळतात. कापून ठेवू नका, उपटले की त्याच दिवशी लावा. पहिलं वर्ष चराई पूर्ण बंद, त्यासाठी बाहेरून घायपाताची ओळ. दुसऱ्या वर्षीपासून कापून न्या, चारू नका. गवताचं बी आणि ठोंब राहुरीच्या कृषी विद्यापीठात चौकशी केली तर मिळतील, मे महिन्यातच विचारा, नंतर संपतात.

शेजारच्या खातेदारालाही सांगून बघा. तुमचा काठ धरला आणि त्याचा सुटला तर पाणी त्याच्या बाजूने तुमच्यात शिरेल.

---

माणदेशी

शेजारी चुलतेच आहेत. बोलतो. ठोंब किती लागतील, काठाची लांबी साधारण दोनशे फूट?

---

बांधबंदिस्ती

वाळ्याची एक ओळ वीतभर अंतराने धरली तर दोनशे फुटांना तीनशेच्या आसपास. मर धरून चारशे आणा. राहिलेले चुलत्यांना द्या.